वीतभर लांब

"हात पुढे कर."

केला.

"आणखी पुढे."

आणखी केला. खांदा ताणला. उताणा तळवा, बोटं जुळवलेली.

"स्माईट," सर म्हणाले आणि काठी बसली. "स्मोट." काठी बसली. "स्मिटन." काठी बसली. मग म्हणाले, "आता तू म्हण. म्हणशील तशी बसेल."

म्हणजे शब्द मी उच्चारायचा आणि त्या शब्दासरशी फटका घ्यायचा. मी स्माईट म्हटलं. बसला. स्मोट म्हटलं. बसला. तिसरा शब्द तोंडातून निघेना. बोटं बधिर झाली होती. सर थांबून राहिले. त्यांना घाई नव्हती. साठ पोरं बघत होती. शेवटी म्हटलं, आणि तो फटका अंगठ्याच्या बुडाशी असा बसला की तिथलं कातडं फुटलं.

माझा गुन्हा एवढाच, की ह्या क्रियापदाचं तिसरं रूप विचारल्यावर मी 'स्मिट' म्हणाले होते. हिट, हिट, हिट. कट, कट, कट. मग स्मिटच असणार, असं माझं डोकं चाललं होतं. आठवीत, नववीत पोराचं डोकं असंच चालतं. कुणी हुशार म्हणालं असतं.

सर काठी टेकवून उभे राहिले आणि वर्गाला समजावू लागले. "स्माईट म्हणजे प्रहार करणे. हे क्रियापद आता इंग्लंडातही कोणी बोलत नाही. मेलं ते. पण थोर होतं. ह्याचा कर्ता कोण? देव. नाहीतर राजा. 'ही स्माईटेथ', म्हणजे तो प्रहार करतो. आणि जो खाली पडतो तो स्मिटन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या वाडीला पहिली दोन रूपं लागायची नाहीत. तिसरं तेवढं पाठ कर. पुरे होईल."

वर्ग हसला. मीपण हसले. हे सांगताना आजही तोंड कडू होतं. पण हसले, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून आमच्या वाडीतल्या पोरांना शाळेत 'तिसरं रूप' म्हणू लागले. आम्ही चौघं होतो. दोघांनी दिवाळीआधी शाळा सोडली.

आमची वाडी म्हणजे बौद्धवाडी. धामापूरच्या अलीकडचं गाव, त्याच्या खालच्या अंगाला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे पंधरावीस घरं. धंदा बांबूचा. सुपं, रोवळ्या, टोपल्या विणायच्या आणि कट्टा गावच्या बाजाराला न्यायच्या. पूर्वी देवगडच्या आंब्याला करंड्या लागायच्या, तेव्हा हंगामात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसायची. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले आणि करंड्या गेल्या. आबा, म्हणजे माझे वडील, तरी कोयता खाली ठेवत नव्हते. काम नसलं तरी बांबू तासत बसायचे.

सर गावातले मानकरी. देवळात पहिला नारळ त्यांच्या घराचा. घरात चार पिढ्या शिक्षक. आजोबांच्या हातची एक वही त्यांच्याकडे होती, इंग्रजांच्या काळातली, शिवलेली. तिच्यात जुन्या क्रियापदांची रूपं शाईने लिहिलेली. ती वही सर सोवळ्यात असल्यासारखी हाताळायचे. मेलेल्या शब्दांवर त्यांचा फार जीव. जिवंत पोरांवर नव्हता.

गावात एक रीत होती. जूनमध्ये शाळा उघडली की ज्याचं जे काम, ते त्याने शाळेला द्यायचं. सुताराने बाकांचे पाय ठोकून द्यायचे. कुंभाराने माठ. आम्ही एक कचऱ्याची टोपली आणि दोन काठ्या. एक आखूड, एक लांब. शाळा आपल्या हातची वस्तू घेते ह्याचा आबांना कोण अभिमान. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला माणगा बांबू घ्यायचे, त्याला कीड लागत नाही म्हणून. निखाऱ्यावर शेकून सरळ करायचे. आखूड काठीची पेरं तशीच ठेवायचे. लांब काठीची मात्र घासघासून इतकी गुळगुळीत करायचे की हात फिरवला तर पेर कुठे आहे कळत नसे. मग खोबरेल.

लहानपणी मी विचारलं होतं, "आबा, ह्येचीच पेरां कित्याक घासतास?"

"ती नकाशाची काठी, बाय," आबा म्हणाले. "भारताचो नकाशो दाखवूक लांब काठी लागता. पेराक अडकान नकाशो फाटता नये."

असं त्यांना वाटत होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. आबा शाळेत गेले नव्हते. शाळेत लांब काठी कशाला लागत असेल, ह्याचा त्यांच्या मनाला सुचलेला सगळ्यात चांगला अर्थ त्यांनी लावला होता. आणि त्या काठ्या खांद्यावर टाकून शाळेत मीच न्यायची. पाचवीपासून दर जूनला.

घरी मी मार सांगितला नाही. कसा सांगणार? मला वाटायचं मी ढ आहे. हातावर वळ असले तर आई विचारायची, "हाताक काय झाला गो?" मी म्हणायची, "कामटी लागली, आये." बांबूच्या घरात चिरलेल्या पट्ट्यांनी हात कापलेले असायचेच. आई हळद लावायची आणि कामाला लागायची. आमच्याकडे म्हणतात, मार खाल्ला. जसा काय आईने ताटात वाढला होता. कुणी मारलं ते वाक्यात येतच नाही.

माझ्या बाकावर शैला बसायची. कुणब्याची पोर, घरची भातशेती, चार काजूची कलमं. मनाने साधी. तिलाही मार बसायचा, पण आखूड काठीने. सर डाव्या हाताने तिची बोटं धरायचे, तळवा ताणून धरायचे आणि उजव्या हाताने मारायचे. मला लांब काठीने मारायचे, दोन पावलं मागे सरून. मी दोन वर्षं समजत होते की माझ्या चुका मोठ्या म्हणून माझी काठी मोठी.

एकदा मधल्या सुट्टीत मी तिला बोलले, "तुझा बरा आसा. तुका आखूड काठी. माझ्यो चुको मोठ्यो मा."

शैला डब्यातली भाकरी खात होती. खाता खाताच म्हणाली, "चुको नाय गो. तुमची बोटां धरूची लागतत नायतर. शिवूक नको म्हणान लांब काठी. तुका म्हायती नाय?"

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. ना कीव, ना खोच. पाऊस येणार की नाही हे सांगावं तसं तिने सांगितलं. सगळ्या वर्गाला माहीत होतं. आम्हा चौघांना सोडून सगळ्यांना.

मी डबा बंद केला. भाकरी तशीच राहिली. मारामुळे नव्हे. मार मी पचवला होता. त्या काठीची पेरं माझ्या बापाने घासली होती, आणि मी ती मिरवत आणली होती. माझ्या आणि त्या माणसाच्या मधलं अंतर माझ्याच बापाने तासून, शेकून, तेल लावून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा तीच रूपं विचारली. मला येत होती. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटली असती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "स्माईट, स्मोट, स्मिट." मुद्दाम.

सरांनी कोपऱ्यातून लांब काठी घेतली. दोन पावलं मागे सरले. "हात पुढे कर."

पहिला फटका. दुसरा फटका. कालपरवाची जखम उघडली. तिसऱ्याला मी मूठ मिटली, आणि काठीचं टोक माझ्या मुठीत आलं.

सरांनी हिसका दिला. मी सोडलं नाही. ओल्या बांबूच्या कामट्या ओढून ओढून माझी मूठ पक्की झालेली. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. मग मी दुसरा हात पुढे टाकला. मग पहिला त्याच्या पुढे. विहिरीतून दोर ओढतात तशी मी ती काठी ओढत पुढे गेले. सर मागे सरत फळ्याला टेकले. त्यांनी काठी सोडली असती तर सुटले असते. पण काठी सोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या मुठीपर्यंत पोचल्यावर मी ती मूठ धरली. दोन्ही हातांनी. घट्ट.

माझ्या तळव्याचं रक्त त्यांच्या बोटांना लागलं.

ते ओरडले. विंचू चावल्यावर माणूस ओरडतो तसे. काठी पडली. ते धावत बाहेर गेले. खिडकीतून सगळ्या वर्गाने बघितलं, नळावर सर हात धूत होते. साबण मागवला. कोपरापर्यंत धुतला. पुन्हा धुतला. 

मग ते दारात आले, आत नाही आले. हात लांबवून दाराशेजारच्या टेबलावरचं लाकडी डस्टर उचललं आणि दारातूनच फेकलं. माझ्या उजव्या भुवईवर बसलं. डोळ्यात रक्त उतरलं, समोरचं सगळं लाल झालं. मी पडले नाही. बाकाला धरून उभी राहिले. तो व्रण अजून आहे. तिथे केस उगवत नाहीत.

आबांना बोलावणं गेलं. ते कामावरून तसेच आले, कमरेला कोयता. शिपायाने तो बाहेर ठेवायला लावला. मुख्याध्यापक ऑफिसात, सर त्यांच्या बाजूला, आम्ही उंबऱ्याशी. माझ्या कपाळाला शैलाचा रुमाल.

मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या मुलीने शिक्षकांवर हात टाकला. माफी मागायला सांगा, नाहीतर दाखला घेऊन जा."

आबा हात जोडून उभे होते.  त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे ती काठी होती, टोकाला रक्त लागलेली. आबा म्हणाले, "साहेब, ह्या पोरीन नकाशाची काठी मोडल्यान काय? मी नवी करून देतंय."

"नकाशाची?" मुख्याध्यापक हसले. "अहो, ती नकाशाची नाही. ती तुमच्या पोरांची."

आबांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं. बघायला नको होतं. त्यांनी काठीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग परत काठीकडे. कामट्या लागून मुलीचा हात वारंवार कसा फुटतो, ह्याचा हिशोब त्यांना त्या क्षणी लागला. माणूस जागच्या जागी म्हातारा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

सर पहिल्यांदाच बोलले. "नवी काठी आणा. आणि ह्याच्यापेक्षा वीतभर लांब. तिच्या हातात द्या. ती सगळ्या वर्गासमोर टेबलावर ठेवील आणि चुकले म्हणेल. मग बघू."

पुढची शाळा मालवणात. एसटीचा रोजचा खर्च, आणि नववीच्या मध्यात कोण घेणार? आबांनी बाहेर येऊन कोयता कमरेला लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोड, बाय. हट्ट सोडून दी."

दुसऱ्या दिवशी अंगणात बसून त्यांनी काठी केली. मी समोर बसून बघत होते. शेकताना ते डोळे पुसत होते, धूर जातो म्हणाले. पेरं घासायला घेतली तेव्हा मी ओरडले, "घासू नकात! तितक्या तरी ऱ्हवांदे!" त्यांनी खाली मान घालून सगळी पेरं घासली. म्हणाले, "पेर ऱ्हवला तर कातडा फाटता."

त्या दिवशी मी बापाचा द्वेष केला. पुढे कित्येक वर्षं केला. तो माझी कातडी वाचवत होता, हे कळायला मला स्वतः पगारी नोकरीत मान खाली घालावी लागली.

काठी मी नेली. टेबलावर ठेवली. चुकले म्हटलं. सरांनी ती काठी त्याच तासाला वापरून बघितली, लांबी पुरते का ते. पुरली. दहावी होईपर्यंत पुरली.

मी इंग्रजी शिकले. आवड म्हणून नाही. रागाने शिकले. त्या माणसाच्या घरातली वही मला त्याच्याहून जास्त पाठ हवी होती. कॉलेज केलं, काजूच्या कारखान्यात बिया फोडून केलं, मग कोल्हापूरला एम.ए. तिथल्या ग्रंथालयात इंग्रजीचा अनेक खंडांचा शब्दकोश होता. प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास देणारा. पहिल्याच आठवड्यात मी तो खंड काढला. बोट फिरवत स्माईटवर आले.

तो शब्द दीडदोन पानं पसरला होता. रूपं किती! स्माट. स्मोट. स्मिटन. आणि त्यांच्यात, स्पष्ट छापलेलं, स्मिट. शेकडो वर्षं लोकांनी वापरलेलं, कवींनी लिहिलेलं तिसरं रूप. म्हणजे माझं उत्तर चूक नव्हतंच. मी त्या पानावर तळवा ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी जिथे फुटलं होतं तिथलं कातडं अजून जाड आहे.

पण खरा घाव पुढे होता. त्या शब्दाचा पहिला अर्थ मारणे असा नव्हताच. हजार वर्षांपूर्वी त्या लोकांच्या तोंडी त्याचा अर्थ होता माखणे, लेप देणे. मग घाण लावणे. डागाळणे. विटाळणे. पुढे दोनतीनशे वर्षांनी तो शब्द हात उगारू लागला. तलवारीने मारणे, देवाने शत्रूंना झोडपणे, राजाने माना उडवणे. मग साध्या माणसांनी तो बोलायचा सोडला. पोथीत राहिला. आता उरलंय ते तेवढं तिसरं रूप, प्रेमात पडलेल्या माणसाबद्दल बोलायला, तेही हसत हसत.

आधी विटाळ, मग मार. त्या परक्या, थंड देशातल्या शब्दालाही हाच क्रम माहीत होता. ग्रंथालयात मी मोठ्याने हसले. ग्रंथपाल उठून बघायला आला. मला रडताना बघून परत गेला.

सरांना मात्र हे कधी कळलं नाही. चार पिढ्या ती वही सांभाळली, पण शब्द कुठून आला हे एकानेही विचारलं नाही.

आता मी कट्ट्याजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. संस्था तीच, जिच्या शाळेत मी शिकले. गेल्या मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना, माजी विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार ठरवला. पंचाहत्तरी. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप झाला. दिवसभर तेच. सरांच्या छडीने आम्ही घडलो. छडीचा प्रसाद मिळाला म्हणून आज माणसात आहोत. हात जोडलेली चित्रं.

सगळं जमवत होता तो आमच्या वर्गातला विलास. त्याचा फोन आला. "अगो, एक आयडिया आसा. सरांका छडी भेट देवया. लांब, जुनी होती तशी. मुठीक चांदी लावया. तुझ्या बापाशीकडसून करून घी. आणि स्टेजवर देवची तूच. शाळेचा चेडू, शाळेचीच पोर, आता इंग्रजीची बाई. सरांका केदो आनंद होतलो!"

विलास वाईट माणूस नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं. ज्याला आखूड काठी बसते तो विसरून जाऊ शकतो.

मी आबांना सांगितलं. आबा आता ऐंशीकडे झुकलेत. त्या दिवसानंतर त्यांनी आयुष्यात दुसरी काठी केली नव्हती. म्हाताऱ्यांना आधाराला लागते तीही नाही. म्हणाले, "तू सांग. करू काय?"

"करा," मी म्हटलं. "त्याच मापाची. वीतभर लांब."

आबांनी कोपऱ्यातला बांबू ओढला. मग कोयता घेतला.

मांडव भरला होता. पुढे खुर्च्या, मागे बाकडी, शेवटच्या बाकड्यावर आबा. सर स्टेजवर, वाळून काटकी झालेले, पण नजर तीच. निवेदकाने छडीवर एक विनोद केला. माझं नाव पुकारलं. मी काठी घेऊन चढले. टाळ्या.

आणि काठी हातात, समोर तो माणूस, दोन पावलांवर. बरोबर तेवढं अंतर. माझा हात उचलला गेला. खरं सांगते, उचलला गेला. एक फटका. त्या चांदीच्या मुठीने भुवईवर. हाडाचा आवाज कसा येईल तेही मला ऐकू आलं. पहिलं रूप. कर्ता मी.

मारलं नाही. दया आली म्हणून नव्हे. म्हातारा आहे म्हणूनही नव्हे. लांबून मारणं हे त्याचं काम होतं. मला त्याला शिवायचं होतं.

मी माईक घेतला. म्हणाले, "ह्या काठीची लांबी बघा. शाळेत दोन काठ्या होत्या. एक आखूड, एक ही. ही लांब कशाला होती, कुणाला आठवतं?"

काही जण हसले. मग हसू विरलं. मी दुसऱ्या रांगेत बघितलं. शैला बसली होती, मांडीवर नातीला घेऊन. मी मालवणीत विचारलं, "शैला, सर तुझी बोटां धरीत?"

ती खाली बघत राहिली. मला वाटलं, संपलं. मग तिने पोर बाजूच्या बाईकडे दिलं आणि उभी राहिली. "धरीत," म्हणाली. "माझी धरीत. तुझी धरूक नाय. शिवूक नको म्हणान." आणि तशीच उभी राहिली. तिला कुणीतरी खाली ओढत होतं, ती बसली नाही.

मी काठी काखेत मारली आणि सरांपुढे उताणा हात धरला. "सर, आज धरा. एकदाच. सगळ्यांसमोर."

 सरांनी माझ्या हाताकडे बघितलं. त्यांचा उजवा हात खुर्चीवरून थोडा उठला. मी बघत होते. क्षणभर मलाही वाटलं, धरेल. पंचाहत्तर वर्षांचा झालाय. धरेल.

त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले आणि जोडले. नमस्कार केला. लांबूनच.

मी हात खाली घेतला. माईकवर म्हणाले, "बघितलात?" आणि काठी घेऊन उतरले.

मागून विलास धावत आला, घामाने डबडबलेला. "म्हातारो माणूस गो! चांगल्या कार्यक्रमाचो सत्यानाश केलंस. काय मिळाला तुका?"  संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं. शैला स्वतः बाहेर पडली.

आठ दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. ज्येष्ठ शिक्षकांचा जाहीर अवमान केल्याबद्दल लेखी माफीनामा द्यावा, अन्यथा नोकरीबाबत विचार करावा लागेल. भाषा सभ्य. टाईप केलेली. तिच्या खाली तीन सह्या. पुन्हा तसंच ऑफिस, तसाच उंबरा. फरक इतकाच, की आता घरात माझ्या पगारावर पाच तोंडं आहेत, आणि हे त्या तिघांना ठाऊक आहे.

मी पत्र आबांना वाचून दाखवलं. ते अंगणात बसले होते, ती काठी मांडीवर. चांदीची मूठ त्यांनी उपटून विलासकडे परत पाठवली होती. मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. पेरं घासलेली नव्हती. सगळी पेरं जिथल्या तिथे, खरखरीत.

"आबा, पेरां?"

"मुद्दाम ठेवलंय," आबा म्हणाले. "तेच्या हातात जावची होती मा. टोचूंदेत तेका."

मग पेरांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "तेव्हा मी तुका सोड म्हटलंय. माझा चुकला. आता सोडू नको."

मी रडले नाही. आत जाऊन कागद घेतला आणि उत्तर लिहिलं. दोन ओळी. मी चुकले नाही. माफी मागणार नाही. खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन ऑफिसात दिली, पोच घेतली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती काठी मी माझ्या वर्गात नेली. मुलं घाबरली. मी ती कुणावर उगारली नाही. एका टोकाला एका पोराला उभं केलं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याला, आणि मधलं अंतर मोजायला लावलं. मग ते अंतर कोणी ठेवलं, कशासाठी ठेवलं, नाव घेऊन सांगितलं. हे दर जूनला सांगणार आहे. नोकरी राहिली तर वर्गात, गेली तर कट्ट्याच्या बाजारात उभी राहून.

चौकशी लावलीय म्हणतात. लावू देत. त्यांनी त्यांच्या बाजूने ओढावं. माझी मूठ बांबूच्या घरात तयार झालीय, आणि ह्या वेळी मला सोड म्हणणारं कुणी नाही.